सुईचा ताप

आमच्या गल्लीत कुणाचं पोट दुखलं की डॉक्टरच्या आधी पुष्पाबाईचं दार वाजायचं. ओवा, हिंग, सुंठ, निरगुडीचा पाला, सगळं तिच्या घरात तयार. कपाळाला हात लावायची, जीभ बघायची आणि म्हणायची, "काही नही व्हत." अर्धं दुखणं त्या बोलण्यानेच पळायचं. मी एसटीत कंडक्टर होतो, तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली, पण इतक्या ठामपणे बोलणारी बाई दुसरी पाहिली नाही. कधी कधी डोक्यात जायची. माझ्या गुडघ्यांवर तिने सांगितलेला लेप लावला नाही, तर समोरून जाताना मान फिरवून जायची.

तिचा नवरा लीलाधर धरणगावच्या एका जिनिंगमध्ये मापाडी होता. कापूस तोलताना आकडा बोलायचा, तेवढाच त्याचा आवाज. घरात दोघांच्या वाटणीचं ती एकटी बोलायची आणि त्याचं काही अडत नव्हतं. मुलगा हितेंद्र सुरतेला कापडाच्या कारखान्यात. लहानपणापासून दम्याचा, त्यामुळे पुष्पाबाईचा जीव कायम त्याच्यात अडकलेला.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या वेळी पंचेचाळीस वर्षांवरच्यांना लस सुरू झाली. गावातले लोक तेव्हा काय काय बोलत होते ते लिहायचीही लाज वाटते. शिकलेसवरलेले बापे शेतात लपून बसायचे. पुष्पाबाई मात्र तयार. लीलाधर सुईला घाबरायचा. त्याला तिने दम देऊन रिक्षात बसवलं आणि तालुक्याच्या केंद्रावर नेलं.

आदल्या दिवशी लीलाधर गव्हाच्या मळणीवर होता. घसा खवखवत होता, अंग मोडून आलं होतं. भुसा गेला असेल, असं दोघांनी धरलं. रांग सकाळपासूनची, लस कधी संपेल त्याचा नेम नाही. सिस्टरने विचारलं, ताप, खोकला, काही त्रास? लीलाधरने सवयीने बायकोकडे पाहिलं. पुष्पाबाई म्हणाली, काही नाही. त्याला सुई मिळाली, आणि हिचा नंबर यायच्या आत लस संपली.

संध्याकाळी त्याला ताप भरला. त्या दिवसांत लस घेतली की ताप येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. केंद्रावरून गोळ्याही त्यासाठीच दिलेल्या. पुष्पाबाईने गोळी दिली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आल्यागेल्याला दारातूनच सांगितलं, "सुईना ताप शे, उतरी जाई." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. हितेंद्रने सुरतेहून फोन केला, "माय, बाबासनी टेस्ट करी ले." त्यालाही तिने तेच ऐकवलं. लीलाधर नेहमीसारखा काही बोलला नाही. बोलण्याइतका दम त्याच्यात उरला नव्हता, ते कळलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

जळगावला कशीबशी खाट मिळाली. छातीचा फोटो बघून तिथले डॉक्टर तिला म्हणाले, "मावशी, हा आजार लसीच्या आधीपासूनचा आहे. फार उशीर केलात." हे ऐकायला तिच्याजवळ तेव्हा कुणी नव्हतं. हितेंद्र पोहोचला तो थेट नेरी नाक्याच्या स्मशानात, तेही लांबून बघायला.

मग द्वारदर्शन, म्हणजे दुखवट्याला येणाऱ्यांची रीघ, सुरू झालं. तोंडाला रुमाल बांधून लोक यायचे, ओट्याखाली अंतर ठेवून बसायचे. आपल्याकडे आलेला प्रत्येक माणूस विचारणार, कसं झालं? आणि घरच्यांनी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. पुष्पाबाई आतल्या खोलीत, त्यामुळे सांगायचं काम हितेंद्रकडे आलं. तो म्हणायचा, "चांगला पायवर चालत गयथात. सुई लिधी नि गयात." फोनवर तेच, ओट्यावर तेच. पोरगा खोटं बोलत नव्हता, त्याला जेवढं कळलं तेवढं सांगत होता. येणारा मान हलवायचा आणि ती गोष्ट घेऊन आपल्या गावी जायचा. दहाव्यापर्यंत ती एरंडोलच्याही पुढे गेली असेल.

आमच्या गावात लस बंदच पडली म्हणा. आरोग्य केंद्राची आशाताई दीपमाला दारोदार फिरायची, आणि लोक तिला लीलाधरचं नाव ऐकवून दार लावायचे. एका म्हातारीने तर तिच्यावर खरकटं पाणी फेकलं. मी मध्ये पडलो, चार शिव्या दिल्या, पण शिव्यांनी कुणी लस घेत नाही. हितेंद्रचं कामही तेव्हा बंद होतं. तो घरीच, आणि या घरात कुणी सुई घ्यायची नाही, असं त्याने आईला बजावून ठेवलेलं.

पुष्पाबाई बोलायचीच थांबली. लोक तिला बिचारी म्हणायचे. गल्लीतलं पोर तापलं, तर ती दार ओढून घ्यायची. मला वाटलं, दुःख आहे, वेळ लागेल.

एका दुपारी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "नाना, मी तं सुई लिधीच नव्हती. मंग मना तोंडनी चव कशी गई?"

चव जाते ती कोरोनात, हे तोवर मलाही माहीत झालं होतं. मग तिने सगळं सांगितलं. घशाचं, सिस्टरला दिलेल्या उत्तराचं, डॉक्टरांचं. लोक लसीला दोष देतात तेव्हा आपल्याला बरं वाटतं, हेही सांगितलं. त्याच शब्दांत सांगितलं, आणि मग तोंडावर पदर घेतला.

"हितेंद्रले सांगं तं तो मनं तोंड देखाव नही," ती म्हणाली. "नि नही सांगं तं तो तसाच सुरतले जाई. त्याना दमा तुमले माहीत शे."

मला तिचा संताप आला आणि कीवही आली. तोंडात आलं होतं, की बाई, इतके दिवस गप्प बसून गाव वेठीला धरलंस. पण ते बोलवलं नाही. तिच्या जागी मी असतो, तर मी तरी काय केलं असतं? मी तिला चहा दिला. तो तिने घेतला नाही.

श्रावणात शाळेत लसीकरण ठेवलं. दीपमालाने रांगोळी काढली, खुर्च्या मांडल्या, आणि सकाळभर त्या खुर्च्यांवर ती आणि सिस्टर दोघीच बसून होत्या. बाहेर लिंबाखाली लोक जमलेले, आत जायला कुणी तयार नाही. हितेंद्र फाटकाशी उभा होता. त्याला काही बोलावंही लागत नव्हतं. लोक त्याच्याकडे बघायचे आणि थांबायचे.

पुष्पाबाई आली ती सरळ त्याच्या समोरून आत गेली. त्याने "माय" म्हणून हाक मारली, पण ती थांबली नाही. खुर्चीवर बसली, बाही वर केली. सुई घेऊन झाल्यावर दंडाला कापूस धरून परत फाटकाशी आली.

"मना आदमी सुईमुये नही मरना," ती लोकांना म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण लिंबापर्यंत पोहोचला. "त्यासले पहिलेच व्हतं. सिस्टरनी इचारं तं मीच नही सांगं. ताप उना तं सुईना शे म्हनीसन मीच घरमा ठेवं."

कुणीतरी पुटपुटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मला तेव्हा त्या माणसाला धरून हलवावंसं वाटलं.

हितेंद्रचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने एवढंच विचारलं, "मी सांगं व्हतं ना तुले, टेस्ट कर?"

"सांगं व्हतं," ती म्हणाली.

तो चालत घरी गेला, पिशवी भरली आणि मिळेल त्या गाडीने सुरतेला गेला. इकडे लिंबाखालचे लोक फाटकाकडे सरकले. मग एक म्हातारा आत गेला, त्याच्या मागे त्याच्या सुना गेल्या. संध्याकाळी लस उरली नाही. दीपमाला आनंदाने रडत होती. पुष्पाबाई कधीच घरी गेली होती.

पुढे पोळा गेला, गणपती बसले, हितेंद्रचा तिला फोन नाही. ती रोज मला विचारायची, काही खबर? मी काहीतरी थाप मारायचो. मग एके दिवशी माझ्या मोबाइलवर त्याने फोटो पाठवला. एका केंद्रात खुर्चीवर बसलेला, दंडात सुई. खाली लिहिलं होतं, नाना, मायले दाखाडी द्या.

मी धावतच तिच्याकडे गेलो. वाटलं, आता ही हसेल. तिने मोबाइल दोन्ही हातांत धरला, डोळ्यांजवळ नेला आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"ताप उना का त्याले? इचारा नाना. उना व्हई तं घरमा बठी राहू नको म्हना."

मी तिच्या समोरच त्याला फोन लावला. विचारलं. म्हणालो, तुझी आई शेजारी उभी आहे.

"थोडा उना व्हता," तो म्हणाला. "मायले सांगा, मी दवाखानामा जाई उनू."

मी तिला सांगितलं, दवाखान्यात जाऊन आलाय तो. तिने मान हलवली. फोन आईकडे द्या, असं तो म्हणाला नाही, आणि तिनेही हात पुढे केला नाही.