पटलेला सल्ला आणि जावयाचा फॉर्म

मंडळी, दुपारी लासुर्ण्याहून परतले, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. म्हणून तुम्हालाच विचारते.

गिऱ्हाइकाला नको असलेला माल गळ्यात मारायचा नाही, हे मी अब्बांच्या इंदापुरातल्या किराणा दुकानात शिकले. बारामतीला बँकेत लागल्यावर मात्र तीन वर्षं लोकांच्या गळ्यात पॉलिस्याच मारल्या. शेवटी नोकरी सोडली, गुंतवणूक सल्लागाराच्या परीक्षा दिल्या. आता मी काहीच विकत नाही, फक्त सल्ल्याची फी घेते.

आज अब्बांच्या ओळखीच्या एका तात्यांनी बोलावलं होतं. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे आलेत आणि दोन वर्षांनी धाकट्या मुलीला नर्सिंगला घालायचंय. पण थोरले जावई विमा एजंट. त्यांच्या पॉलिसीत सगळे पैसे पंधरा वर्षं अडकणार. मी तासभर वहीत मांडून दाखवलं.

"समदं पटलं, पोरी," तात्या म्हणाले. "पर जावयाला न्हाय म्हणलं, तर थोरलीला माहेरी कोण धाडंल?"

तेवढ्यात जावई फॉर्म घेऊन आलेच. तात्यांनी मी काय करते ते सांगताच म्हणाले, "मॅडम, काही विकत न्हाय, मग पोट कशावर भरता?"

ते लिहायला बसणार, तर तात्यांनी फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "हिला भरू द्या. ही खोटं लिहायची न्हाय."

मी भरला. मुदतीच्या रकान्यात पंधरा लिहिलं, तेव्हा धाकटी चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभी होती.

मी नाही म्हटलं असतं, तर जावयांनी भरलाच असता. तरी सांगा, मी पेन हातात घ्यायला हवं होतं का?