दाजींची बिनसांध्याची जमीन

आमच्या दाजींनी आयुष्यात कुणाच्याही तोंडाकडे धड पाहिलेलं नाही. त्यांनी पाहिली ती फक्त जमीन. माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला आले, तेव्हाही मान खाली घालून बसले होते. आई आत येऊन म्हणाली, मुलगा लाजाळू दिसतोय. लाजाळू कसला! चहा संपवून कप खाली ठेवताना माझ्या वडिलांना म्हणाले, "आपली ही कोपऱ्यातली फरशी पोकळ वाजतेय. खालून भरून घ्या." लग्न ठरलं, आणि ती फरशी भरायलाही तेच आले.

सरकारी बांधकाम खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली, पण निवृत्तीनंतर हे वेड कमी व्हायच्या ऐवजी फोफावलं. कुणाकडे गेले की चपला काढून आधी अनवाणी पायांनी घरभर फिरून यायचे आणि मग यजमानांना जय भीम करायचे. खिशात एक काचेची गोटी असायची. ती मोरीच्या दाराशी सोडायची, आणि मोरीऐवजी बैठकीकडे घरंगळली की यजमानांकडे अशा दयेने पाहायचं, की त्या बिचाऱ्यांचा नव्या घराचा आनंदच ओसरायचा. भाच्याच्या गृहप्रवेशाला वंदनेच्या वेळी सगळ्यांनी कपाळ जमिनीला टेकलं. सगळे उठले, दाजी काही उठेनात. माणूस श्रद्धेत बुडालाय असं समजून मी हळूच जवळ गेले, तर कुजबुजले, "सांधे नीट भरलेलेच नाहीत." दोन फरशांमधल्या सांध्याशी तर त्यांचं हाडवैर. सांधा म्हणजे केलेल्या कामातली कबुली दिलेली चूक, असं म्हणायचे. मेहुणीच्या हक्काने मी एकदा म्हटलं, "दाजी, माणसाच्या गुडघ्यातही सांधा असतोच की." शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तो दुखतो."

मग ताईला कंपवात झाला. हात थरथरायचे, पाय अडखळायचे, तरी ती घरात आपली आपण फिरत होती. एके दिवशी जराशी वर आलेल्या एका फरशीला ठेच लागून ती पडली आणि मनगट मोडलं. दवाखान्यातून परतल्यावर दाजी त्या फरशीसमोर बराच वेळ बसून राहिले. आयुष्यभर लोकांच्या जमिनी तपासल्या आणि स्वतःच्याच घरात हे घडलं, याची लाज त्यांना खात होती. त्यांनी ठरवलं, विश्रांतवाडीतल्या त्या घराची सगळी फरशी उखडायची आणि एकसंध काँक्रीट ओतून ते मशीनवर घोटून घ्यायचं.

"म्हणजे कोबाच ना?" ताईने विचारलं.

"कोबा नव्हे. पॉलिश केलेलं काँक्रीट."

काम चालू होतं तोवर दोघं आमच्याकडे, सदाशिव पेठेत राहिली. दाजी रोज सकाळी स्कूटर काढून काँक्रीटवर पाणी मारायला जायचे आणि तान्ह्या बाळाला पाहून आल्यासारखे परतायचे. आमच्या जुन्या शहाबादी फरशीला मात्र जाता-येता नावं ठेवायचे. तिचे बोट बोट रुंद सांधे उघडे पडलेले. गंमत म्हणजे ताई त्या फरशीवर छान चालायची. नवीन औषध लागू पडलं म्हणून आम्ही सगळे खूश.

जमीन झाली, आणि खरं सांगते, मीसुद्धा चेष्टा विसरले. करडी, गार, हात फिरवावासा वाटणारी. काँक्रीट तडकू नये म्हणून मधूनमधून काप द्यावेच लागतात. दाजींनी ते सगळे उंबरठ्यांच्या पट्ट्यांखाली दडवले होते. शेजारचे काका डोकावून म्हणाले, "वा, छान. आता फरशी कधी बसवताय?" दाजींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते ताईची वाट पाहत होते.

ताईने एक पाऊल आत टाकलं आणि ती थांबली. दुसरं पाऊल उचलेना. दाजींना वाटलं, चकाकीला भ्याली. ते स्वतः चालून दाखवू लागले, त्या वयात पाय घासून दाखवू लागले. "अगं, घसरत नाही. बघ ना." ताईचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे जागच्या जागी थरथरत होते. शेवटी आम्ही दोघांनी तिला धरून पलंगापर्यंत नेलं. पुढचे कितीतरी दिवस असंच चाललं. दुखणं वाढलं असं आम्ही धरून चाललो. 

एका दुपारी मी तिचा हात धरून उभी होते, दाजी समोर बसले होते. ती खाली बघत होती. अगदी सहज म्हणाली, "अहो, रेघच नाही हो कुठे. पाय कुठे टाकू?"

तेव्हा उलगडा झाला. घरातल्या जुन्या फरशीवर, आमच्या शहाबादीवर ती सांध्यांच्या आधाराने चालत होती. समोर रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलायचा. ज्या रेघा मिटवायला दाजींनी एवढा आटापिटा केला, त्याच तिला चालवत होत्या.

दाजी उठून खडू घेऊन आले. तिला भिंतीला धरून उभं केलं, खडूने एक रेघ ओढली, "ओलांड" म्हणाले. तिने ओलांडली. तिचं पाऊल कुठे पडतं ते पाहून दुसरी ओढली. अशा रेघा पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून ओट्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी कापायचं मशीन आणलं आणि कुणाला हात लावू न देता त्या लाडक्या जमिनीवर स्वतः काप घातले, त्यांत काळा रंग भरला. धूळ बसावी म्हणून मी पाणी ओतत होते. त्यांचे डोळे वाहत होते. धुळीने, म्हणाले. मला त्या वेळी ताईपेक्षा त्यांचीच जास्त माया आली.

ताई चालू लागली. रेघ ओलांडत, हळूहळू, पण कुणाचा हात न धरता. त्याला आता बरेच दिवस झाले.

परवा गेले, तर ती झोपली होती आणि दाजी जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. जुन्या दोन रेघांच्या बरोबर मध्ये लांब पट्टी ठेवून खडूने नवी रेघ आखत होते. पलीकडच्या दोन रेघांमध्येही आखून झाली होती. मी काही विचारायच्या आधीच, मान वर न करता म्हणाले, "पाऊल लहान झालंय तिचं."

मी पदर खोचला आणि पट्टीचं दुसरं टोक धरलं.