सहा महिने बाकावरून उठलो नाही

मी सूड घेतला आणि मला त्याचा पस्तावा नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मला क्षमेवर प्रवचन द्यायला नको. क्षमेवर मी स्वतः चौदा महिने बोललोय, तेही परक्या भाषेत, उणे वीस अंशांच्या थंडीत, लोकांच्या दारापुढं उभं राहून. बहुतेक दारं दुसऱ्या वाक्याला बंद व्हायची.

तेव्हा मी बावीसचा होतो, मिशनरी म्हणून परदेशात गेलेला. औशाच्या माणसाची थंडी म्हणजे सकाळी कानाला मफलर. तिथं नाकातलं पाणी गोठायचं. मिशनरी जोडीनं राहायचे, आणि माझा जोडीदार नायगावकडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, जोडीतला थोरला. नियम असा की धाकट्याचा फोन थोरल्याकडं. सोमवारी दुपारी अर्धा तास तो मिळायचा, घरी बोलायला. बाकी दिवस चित्त कामात राहावं म्हणून. मला तो नियम पटलासुद्धा होता. येडाच होतो लई.

एका बुधवारी पप्पांना झटका आला. बहिणीनं लातूरच्या दवाखान्यातून माझ्या नंबरवर फोन लावला आणि त्यानं उचलला. मी शेजारच्या खोलीत मोजे वाळत घालत होतो. रविवारी आमच्या हातून पहिले तीन बाप्तिस्मे होणार होते. मला कळलं तर मी पहिल्या विमानानं निघेन, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं तिला सांगितलं, "तो म्हणतोय, काम महत्त्वाचं आहे, सोमवारी बोलतो." पप्पा शुक्रवारी गेले. शनिवारी माती दिली. रविवारी मी, यातलं काहीच ठाऊक नसलेला, पाण्यातून वर आलेल्या त्या तिघांना हसत हसत टॉवेल देत होतो.

सोमवारी फोन हातात आला. बहीण एवढंच म्हणाली, "दादा, तुला दोन मिनिटं बी न्हाई मिळाली का रे?"

पंधरा दिवसांत मी घरी आलो. बुधवारच्या फोनचं बहिणीकडून कळलं तसं आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गेलेल्या माणसामागं दुसऱ्यावर ढकलू नगंस." त्यानंतर तो विषय तिनं कधी काढला नाही. माझ्या ताटात भाकरी वाढायची, पण जेवताना समोर बसायची नाही. तिला वाटायचं मी बापापेक्षा काम मोठं धरलं, आणि वर खोटं बोलतोय. पाच वर्षं मी ते सोसलं.

मग तोच माणूस आमच्या लातूरच्या चर्चच्या मंडळीत पाळक म्हणून आला. एक वर्ष बघायचं, मग मंडळीचे पंच कायम करणार. बायको, दोन लेकरं, गोड आवाज. तो कोण हे आईला ठाऊक नव्हतं, ती तर त्याच्या प्रवचनाला मान डोलवायची. त्याला मी ओळख दिली नाही, त्यानंही काढली नाही.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरसाचा कप घ्यायला रांगेरांगेनं उठून पुढं जायचं. त्याआधी पाळक म्हणतो, कुणाच्या मनात भावाविषयी काही असेल तर आधी समेट करा, मग पुढं या. मनात आढी असलेल्यानं उठायचं नाही, असा रिवाज. मी दुसऱ्या बाकावर बसायचो. सगळी रांग उठली की मी मांडीवर हात ठेवून तसाच. पहिल्या महिन्यात लोकांना वाटलं, पोट बिघडलं असेल. तिसऱ्या महिन्यात एका म्हाताऱ्या पंचांनी विचारलं, "कुणाशी वाकडं हाय का?" मी म्हणालो, "पाळकसाहेबांनाच विचारा." खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. कप देताना तो माझ्या बाकाकडं बघायचं टाळायचा.

पाचव्या महिन्यात तो घरी आला, आई बाजारला गेलेली बघून. मी चहा ठेवला नाही. "चुकलो भाऊ, मला माफ करा," म्हणाला. मी म्हणालो, "मला नका सांगू. माझ्या आईदेखत सांगा, मंडळीत उभं राहून." "मला कायम करणार न्हाईत हो," तो म्हणाला. "नका होऊ," मी म्हणालो.

पुढच्या पहिल्या रविवारी त्यानं सांगितलं. फोन कुणी उचलला, काय खोटं सांगितलं, का सांगितलं, सगळं. मग तो खाली उतरला आणि माझ्यापुढं हात केला. खरं सांगतो, माझाही हात उचलला गेला होता. इतके लोक बघत असले की माणूस ढिला पडतो.

तेवढ्यात आईनं माझं मनगट धरून खाली दाबलं. तीसेक वर्षांत तिनं एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. पंचांनी खुणावलं तशी मागची रांग उठून पुढं गेली, ती हलली नाही. पाळकाकडं तिनं पाहिलंही नाही. हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं बोलली.

"शेवटच्या दिशी तुझे पप्पा सारखं तुझं नाव घेत होते. म्या त्यांना सांगितलं, त्याला येळ न्हाई. तेवढं ऐकून त्यांनी तोंड भिंतीकडं केलं."

पाळक हात पुढं करून तसाच उभा होता.