सुलेखा निवडून येणार नाही म्हणे

शनिवारी सकाळी सुमेधाचं निरांजन दोनदा विझलं. वारा म्हणावा तर नव्हता. परदेशातल्या या बॉटनी डाउन्समध्ये एप्रिल म्हणजे पानगळ, घरांच्या काचा बंदच असतात. वात तुपात नीट भिजलीच नव्हती, कारण सुमेधाचं लक्ष हातात नव्हतं, फोनमध्ये होतं. चैत्रगौर झोपाळ्यात बसलेली, दुपारी हळदीकुंकवाला बायका यायच्या, हरभरे अजून उपसायचे, आणि ही बाई स्तोत्राच्या मधेच थांबून बघत होती, सुलेखाचं उत्तर आलं का.

आलेलं नव्हतं. उठल्या उठल्या सुमेधाने तिला लिहून टाकलं होतं: "अध्यक्षपदासाठी दिलेलं नाव तू मागे घेतलंस तर बरं, असं आम्हा सगळ्यांना वाटतंय. राग मानू नकोस. दुपारी ये, बोलू." मेसेजखाली निळ्या खुणा उमटल्या होत्या. म्हणजे वाचलं होतं, आणि गप्प बसली होती.

"आई, यू ओके?" लेक इराने टोस्ट खाता खाता विचारलं.

"मला काय झालंय?"

"तू साखरेच्या डब्यात मीठ ओततेस."

तर गोष्ट अशी. पुढच्या महिन्यात मराठी मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक होती. बाळासाहेब कित्येक वर्षं अध्यक्ष होते. माणूस देवासारखा, निम्म्या मंडळाला त्यांनी एअरपोर्टवरून स्वतःच्या गाडीतून आणलं होतं, पहिल्या रात्री झोपायला गाद्या दिल्या होत्या. पण त्यांचं मंडळ म्हणजे गणपतीतला मोठा कार्यक्रम आणि दिवाळीचं जेवण. मधल्या दिवसांचं काय, हे त्यांच्या ध्यानातच येत नसे.

सुमेधाच्या घरात मधले दिवसच फार होते. वडील गेल्यावर तिने आईला, लीलाबाईंना, इकडे आणलं. रवींद्र कामावर, इरा शाळेत, सुमेधा बाहेरची कामं आटपत फिरणार, आणि लीलाबाई खिडकीशी. समोरच्या घराची मांजर कधी बाहेर येते, कधी आत जाते, ते त्या संध्याकाळी सविस्तर सांगत.

हे ओळखलं ते सुलेखाने. सुलेखा थोडं लांबच्या पापाकुरा उपनगरात राहायची, हॉस्पिटलात नर्स. तिचं म्हणणं साधं होतं: दर बुधवारी दिवसा कम्युनिटी हॉल घ्यायचा, ज्यांना जमेल त्यांनी गाड्या काढायच्या, आणि सगळ्या घरांतल्या आज्ज्या-आजोबांना तिथे आणायचं. भजन म्हणा, पत्ते खेळा, भांडा. एवढ्यासाठी ती अध्यक्षपदाला उभी राहिली होती. लीलाबाईंनी ते ऐकलं त्या दिवसापासून बुधवारी नेसायची साडी वेगळी काढून ठेवली होती.

पण बदल हवा असणाऱ्यांत आणखी एक नाव होतं, चारुदत्तचं. आयटीत मॅनेजर, बोलायला गोड, दरवर्षी गणपतीत माइक त्याच्याच हातात. बुधवारचं विचारलं की तो "बघू, नक्की बघू" म्हणायचा. दोघंही उभे राहिले तर मतं फुटणार. म्हणून ठरलं, की बाळासाहेबांसमोर ज्याचा टिकाव लागेल त्याने राहायचं, दुसऱ्याने माघार घ्यायची. या रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

टिकाव कोणाचा, हे शोधायचं काम सुमेधाच्या नवऱ्याने अंगावर घेतलं. रवींद्रला आकड्यांचं वेड. अमेरिकेच्या निवडणुकीला दीड वर्ष असतानाच कोणता उमेदवार कोणासमोर किती टक्क्यांनी पुढे, हे तो नाश्त्याला वाचून दाखवायचा. तिथे मत नाही, नातेवाईक नाही, तरी हा कासावीस. मग घरच्या निवडणुकीत तो कसला मागे राहतोय! त्याने महिन्यापूर्वीच मंडळाच्या ग्रुपवर दोन प्रश्न टाकले होते. बाळासाहेब विरुद्ध चारुदत्त: कोण? बाळासाहेब विरुद्ध सुलेखा: कोण?

उत्तरांचा रंगीत आलेख करून त्याने लॅपटॉपवर दाखवला. चारुदत्त बाळासाहेबांच्या खांद्याला खांदा. सुलेखाची पट्टी इतकी आखूड, की तिचं नावही त्यात मावेना.

"माणूस चांगला असणं वेगळं, निवडून येण्यासारखा असणं वेगळं," रवींद्र म्हणाला होता. "मलाही सुलेखा आवडते. पण आकडे बघ ना!"

सुमेधाने बघितले, आणि तेव्हापासून तिची झोप गेली. सुलेखा राहिली तर बाळासाहेब येणार. सुलेखा गेली तर चारुदत्त येणार, आणि बुधवार "बघू"च्या डब्यात जाणार. देवासमोर बसून तिने विचारलंसुद्धा. देव काही बोलला नाही. शेवटी आलेखाचं ऐकून तिने तो मेसेज पाठवला, आणि पाठवल्यापासून आपण मैत्रिणीच्या पाठीत काहीतरी खुपसलंय असं तिला वाटत राहिलं.

दुपारी बायका जमल्या. कैरी कुठली मिळायला? शेजारच्या बाईंनी दारात ठेवलेल्या पिशवीभर फिजोआंचं, म्हणजे इकडच्या हिरव्या आंबटगोड फळांचं, पन्हं केलं होतं, डाळीत हिरवं सफरचंद किसून घातलं होतं. "कैरीची सर नाही, पण आंबट आहे हो," असं लीलाबाई प्रत्येकीला सांगत होत्या. गौरीपुढे कलिंगडाचं कमळ, बाहेर पिवळी पडलेली झाडं. सुमेधा अत्तर लावता लावता दाराकडे बघत होती. सुलेखा आली नव्हती.

"सुलेखा दिसत नाही ती?" चारुदत्तच्या बायकोने, सुचित्राने, ओटीचे हरभरे पदरात घेत विचारलं.

"येईल. शिफ्ट असेल." मग सुमेधाला राहवलं नाही. "सुचित्रा, तिने नाव मागे घ्यावं असं चाललंय. पोलमध्ये फारच मागे आहे ना ती."

"कसल्या पोलमध्ये?"

"अगं, ग्रुपवरच्या!"

"कोणत्या ग्रुपवर?" पन्ह्याचा पेला घेऊन बसलेली ऋग्वेदा म्हणाली. "मी नाहीच ग्रुपवर. गुड मॉर्निंगची फुलं फार यायला लागली तेव्हा कमिटीने एका घराचा एकच नंबर ठेवला, आठवतं ना? आमच्याकडून ह्यांचा आहे."

"आमच्याकडूनही ह्यांचाच," आणखी एक आवाज.

"आमच्याकडे तर फोन बघितल्यावर पुढे सांगायचीसुद्धा पद्धत नाही. पिकनिक होऊन गेल्यावर कळतं मला!"

हशा पिकला. सुमेधा हसली नाही. तिने इराला हाक मारून बाबाचा फोन मागवला, कारण त्यांच्या घरून ग्रुपवर नंबर रवींद्रचाच होता. पोल उघडला, कोणी कोणाला मत दिलं ती नावं बघितली. धैर्यशील, विवेक, समीर, क्षितिज. खाली, आणखी खाली, मिशा, गॉगल, क्रिकेटची टोपी. बायकांचे चेहरे बोटांवर मोजण्याइतके. मत मात्र मंडळात प्रत्येक मोठ्या सभासदाला; नवऱ्याला एक, बायकोला एक, चिठ्ठी टाकून.

"दाखव गं," म्हणत सुचित्राने फोन ओढून घेतला. "हा बघा आमचा! स्वतःलाच दिलंय. मला एका शब्दाने विचारलं नाही. मी सुलेखाला देणार होते ना! माझ्या सासूबाई दिवसभर टीव्हीशी बोलतात."

"मी मात्र बाळासाहेबांनाच देणार," ऋग्वेदा म्हणाली. "आमचं बाळ झालं तेव्हा त्यांच्या घरून महिनाभर डबा आला होता. मी नाही विसरणार."

"नको विसरूस," सुमेधा म्हणाली. "पण तुला विचारलं का कोणी?"

"नाही बाई."

सुमेधाचं बोट आणखी खाली सरकलं आणि थांबलं. बाळासाहेब विरुद्ध सुलेखा. बाळासाहेबांच्या नावाखाली एक हसरा फोटो, पाठीमागे समुद्र. तो फोटो तिनेच काढला होता.

रवींद्र गॅरेजमध्ये होता, बायकांच्या गर्दीतून सुटून बसलेला. सुमेधा हातात अत्तरदाणी तशीच घेऊन गेली.

"सुलेखाच्या विरुद्ध मत दिलंस?"

"विरुद्ध कुठे? अगं, मी दिलं तेव्हा ती मागेच होती. येणार नाही हे दिसतच होतं. म्हणून..."

"म्हणून आकडा बघून त्या आकड्यात आणखी एकाची भर घातलीस! आणि तोच आकडा मला आलेख करून दाखवलास! आपल्या घराचं मत म्हणून?"

"एका घराचा एकच नंबर आहे सुमेधा, मी काय करणार?"

"मला विचारणार. आईला विचारणार. ती पण सभासद आहे."



पाहुण्या निघायला लागल्या तेव्हा सुलेखा आली. युनिफॉर्मवर जाकीट, केस विस्कटलेले. आत न येता दारातच म्हणाली, "कुंकू लाव, मी निघते. तुझा मेसेज वाचला. कामाच्या गडबडीत काय उत्तर देणार, म्हणून आले. आज रात्री नाव काढते. तुम्हा सगळ्यांना वाटतंय तर..."

"सगळ्यांना नाही वाटत," सुमेधा घाईघाईने म्हणाली. "सगळ्यांना विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही विचारलं. चुकलं माझं. नाव काढू नकोस."

"आणि पडले तर? बाळासाहेबच येतील. मग म्हणाल, सुलेखाने घालवलं."

ते खरंच होतं. बायका तसं म्हणाल्याच असत्या.

आतून लीलाबाई काठी टेकत आल्या, डाळीची वाटी सुलेखाच्या हातात दिली. "उभ्यानेच खा, पण खा. बुधवारचं ठरलं का गं?"

सुलेखाने वाटीकडे बघितलं, मग लीलाबाईंकडे. "नाही हो काकू. अजून नाही." एक घास घेतला. "आंबट आहे," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. आंबटानेच पाणी आलं असेल.

रविवार सुमेधाला खायला उठला. गौरीची आरती झाली, इराचे पोहण्याचे टॉग्ज धुऊन झाले, रस्त्याकडची पानं झाडून झाली, परत पडली, परत झाडली. पाच वाजून गेल्यावर सेक्रेटरींची ईमेल आली. तीन नावं होती. बाळासाहेब. चारुदत्त. सुलेखा.

"मतं फुटणार," रवींद्र हळूच म्हणाला.

"फुटतील."

"चारुदत्त चिडणार."

"सुचित्रा बघेल त्याच्याकडे. नाहीतर नाही."

आपण योग्य केलं की सगळ्यांचा पचका केला, हे सुमेधाला महिनाभर कळणार नव्हतं. पण नुसतं खिडकीशी बसून महिना काढायचा हे तिला जमणारं नव्हतं. ते काम करणारी एक घरात होती, ती पुरे. तिने गौरीपुढचा दिवा सारखा केला, मंडळाच्या यादीतलं पहिलं घर काढलं आणि फोन लावला.

"बोला वहिनी!" पलीकडून भरदार आवाज आला. "काय काम काढलंत?"

"तुमच्याकडे नाही हो भाऊजी," सुमेधा म्हणाली. "वहिनी घरात आहेत ना? त्यांना द्या फोन. आणि झाल्यावर तुमच्या आईंनाही द्या."