राखीचे उंदीर आणि संगीताचं बाळंतपण

बोरी अरबजवळच्या तांड्यात संगीता राठोडला सातवा महिना लागला होता, आणि तिला धड बसता येत नव्हतं. नको त्या जागी पाण्याचे फोड आले होते. मागल्या वर्षीही आले होते. तेव्हा तर तापानं फणफणली होती. कडुनिंबाच्या पाण्यानं धुऊन तिनं निभावून नेलं, पण कुणाला कळू दिलं नाही. सुनील भला नवरा होता. तरी त्याच्या मनात काही भलतंसलतं आलं तर? आता मात्र पोटात जीव होता.

दिवाळीला नणंद आली. राखी पुण्याला एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करत होती. दोघी ओसरीत तांदूळ निवडत बसल्या असताना संगीतानं सहज विचारलं, “काय करतं वं तू त्या उंदरायचं?”

“बाईच्या जागेवर एक रोग होते भाभी, हर्पीस. तो आमी उंदराच्या मादीले देतो, अन् अंगातल्या पेशी त्याच्याशी कशा लढतात ते पाह्यतो.”

संगीताचा हात ताटातच थांबला. राखीला आत नेऊन, दार लोटून तिनं रडत रडत सगळं सांगून टाकलं.

राखीनं तिला जवळ घेतलं. “या खेपेले ताप नाही आला न? काहून, सांगू? पयल्या लढाईतल्या काही पेशी वापस जातच नाहीत. तेथंच चामडीखाली पहाऱ्याले बसतात. जंतू आंगातल्या नसेत दडून रायते. त्यानं डोकं काढलं का ह्या धावून जातात. उंदरायमंदी हेच दिसते आमाले. पण मी काही डॉक्टर नाही. उद्या दारव्ह्याच्या दवाखान्यात जाऊ. दादाले बी नेऊ.”

“मंग त्या उंदरायचं काय होते?”

“मारा लागते त्यायले,” राखी हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळंतपणात फोड उठून बाळाला लागण होऊ नये म्हणून शेवटच्या महिन्यात रोज घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सुनीलला समजावलं, “हा जंतू वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. कुणाकडून कुणाला आला, सांगता येत नाही.”

बाहेर आल्यावर सुनील म्हणाला, “एकटीनं सोसलं तू. मले कायले नाही सांगतलं?” त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली.

कळा लागल्या तेव्हा अंगावर एकही फोड नव्हता. मुलगी झाली, ठणठणीत. घरी नैवेद्याचा भोग लावताना संगीतानं देवाचं नाव घेतलं, राखीचं घेतलं, आणि तुपातला एक घास त्या मुक्या जीवांच्या नावानं विस्तवात सोडला. सासूनं, धनीबाईनं, जिला ती याडी म्हणजे आई म्हणायची, विचारलं, “हा कोणाचा?”

“ज्यायनं माह्यासाठी सोसलं त्यायचा, याडी,” ती म्हणाली.

पुढे एकदा फोड आले. लहानसे, चार दिवसांत गेले. तांड्यातली लालीबाई दुखणं लपवते आहे हे संगीताच्या ध्यानात आलं, तेव्हा ती लेकीला कडेवर घेऊन तिच्या दारी गेली. “चाल,” म्हणाली, “मी संग येते.”