सदाशिवरावांचा प्लेअर आणि मामाची टोपी

डिस्क बघण्याआधी आंघोळ करावी लागे असे नेरमध्ये एकच घर होते, सदाशिवरावांचे.

जिनिंगमध्ये पस्तीस वर्षे कापसाचा ओलावा तपासून ते निवृत्त झाले आणि नागपूरहून जपानी ब्ल्यू-रे प्लेअर घेऊन आले. वजन अकरा किलो. एसटीत त्यांनी तो खिडकीशी बसवला. कंडक्टर सामानाचे तिकीट देऊ लागला, तर पूर्ण तिकीट मागितले. पुढे त्या कंपनीने असले प्लेअर बनवणेच थांबवले. ती बातमी वाचली त्या दिवशी सदाशिवरावांनी दाढी केली नाही.

कापसाचा बाजार सुरू झाला की नेरच्या हवेत रुई तरंगते, आणि लेन्सला ती सोसत नाही. त्यामुळे दसऱ्यापासून होळीपर्यंत प्लेअरला सुट्टी असे. उरलेल्या महिन्यांत तो चालला असता, पण बघायचे कोणाला होते? घरोघरच्या डिस्का तुरीच्या शेतात पोपट हाकलायला लागल्या होत्या. आपल्या प्लेअरवाचून कोणाचे तरी अडावे, एवढीच सदाशिवरावांची इच्छा होती. सहा वर्षे कोणाचे अडले नाही.

या जानेवारीत घनश्यामचे अडले. धाकटी मुलगी अपेक्षा हिचे लग्न महिन्यावर आले होते आणि मामाने, म्हणजे घनश्यामच्या बायकोच्या, कोकिळाबाईंच्या, धाकट्या भावाने गोपालने, यायला नकार दिला होता. तेरा वर्षांपूर्वी थोरल्या सलोनीच्या लग्नात आपल्याला मानाचा टोपी-दुपट्टा मिळाला नाही, असे गोपालचे म्हणणे. दिला होता, असे घनश्यामचे. पुरावा लग्नाच्या डिस्कमध्ये होता आणि ती डिस्क घनश्यामनेच तुरीत टांगली होती. पोपट तिला केव्हाच सरावले होते. तिच्यावर इतके ओरखडे पडले होते की कोणतेही मशीन तिला घेईना. मोबाइलच्या दुकानदाराने तर ही कशात घालतात, असे विचारले.

सदाशिवरावांनी आयुष्यात प्रथमच ऐन कापसात प्लेअर लावायचे कबूल केले. अटी घातल्या. आंघोळ करायची, पंखा बंद ठेवायचा, आणि केसांतली, कपड्यांतली रुई उडू नये म्हणून प्रत्येकाने डोक्यावर कोरी टोपी आणि खांद्यावर कोरा दुपट्टा घ्यायचा. घनश्याम निमूटपणे बाजारातून सगळ्यांसाठी घेऊन आला.

गोपाल कापूस विकून थेट आला, भुवयांपर्यंत पांढरा. दोन बादल्या पाण्यानंतर सदाशिवरावांनी स्वतः त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, दुपट्टा नीट पसरला. त्यांचे सगळे लक्ष रुईकडे होते.

प्लेअर दहा मिनिटे गुरगुरला आणि चित्र आले. सदाशिवरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतले. मंगलाष्टके झाली. पडद्यावरचा घनश्याम टोपी-दुपट्टा घेऊन गोपालकडे निघाला, आणि नेमका तिथेच शूटिंगवाल्याने पडदाभर गुलाब उमलवला. गुलाबातून दोन हंस निघाले. हंस गेले तेव्हा गोपाल बोडक्या डोक्याने जिलेबी खात होता.

"पाह्यलं?" गोपाल म्हणाला.

"गुलाबात देलं," घनश्याम म्हणाला.

पुन्हा लावले. पुन्हा गुलाब. अकराव्या वेळी प्लेअरने एक लांब आवाज काढला आणि पडदा काळा झाला. डिस्क बाहेर येईना. सदाशिवराव बटण दाबत राहिले. मग त्यांनी दाबणे थांबवले.

काळ्या काचेत चौघेही दिसत होते. सर्वांत आधी ते कोकिळाबाईंच्या लक्षात आले.

"गोपाल, टीव्हीत पाय. तुह्या डोक्यावर काय हाय?"

गोपालने पाहिले. टोपी चाचपली. "हे आनलं कोनं?"

"म्याच," घनश्याम म्हणाला.

गोपालने दुपट्ट्याचा काठ बोटांत धरून बराच विचार केला. मग निकाल दिला की हा सलोनीच्या लग्नाचा धरला. अपेक्षाच्या लग्नात दुसरा द्यायचा. "आन शूटिंगवाल्याले सांगजा भाऊजी, गुलाब नोको."

मामा लग्नात उभा राहिला. शूटिंग पेनड्राइव्हवर आले, ते अजून कोणी पाहिलेले नाही.

सलोनीचे लग्न प्लेअरच्या पोटातच आहे. पांढरकवड्याच्या मेकॅनिकने, झाकण फोडून डिस्क काढून देतो, म्हटले. सदाशिवरावांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. मी कारण विचारले, तर ते प्लेअरवर पसरलेला दुपट्टा सारखा करत म्हणाले,

"गोपाल तेरा वर्सानं मानला. याले मी काहून घाई करू?"