पाणी येतंय!

गदगच्या आमच्या गल्लीत चन्नवीरप्पांइतका सरळ माणूस नाही. घर विकताना त्यांनी नर्स शारदम्मांना स्वतःहून सगळं दाखवलं: तडकलेली पायरी, कुरकुरणारं दार, मुंग्यांची वाटसुद्धा.

गृहप्रवेशाला दूध उतू गेलं, सगळे खूश झाले. मग शारदम्मांच्या बहिणीनं साराचं पातेलं विसळून सिंकमध्ये ओतलं, आणि न्हाणीघरात पाय धुणाऱ्या शारदम्मा किंचाळत बाहेर आल्या. सिंकचं पाणी न्हाणीच्या मोरीतून उसळून वर आलं होतं आणि रेशमी साडीचा काठ साराच्या पाण्यानं पिवळा झाला होता.

"अज्जा, हे का नाही सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय?" चन्नवीरप्पा खरंच गोंधळले. "ओतण्याआधी ओरडायचं, न्हाणीतल्यानं बाहेर यायचं. सगळ्यांकडे असंच असतं ना?"

मी त्यांचा शेजारी. त्यांच्या बायकोची, नीलव्वांची, "पाणी येतंय!" ही आरोळी एकतीस वर्षं ऐकली. पहिल्या वर्षी तर नळ आला समजून मी दोनदा घागरी घेऊन धावलो होतो.

शारदम्मांचा भाऊ खरेदीखत काढायला उठला. चन्नवीरप्पांनी त्याला खाली बसवलं. "कागद राहू दे बाबा. घर मी विकलं, दोष माझा, खर्चही माझा."

प्लंबर आला. त्यानं पाइप उघडून भांडी घासायच्या काथ्याचा उशीएवढा गोळा ओढून काढला, आणि अर्ध्या तासात हात धुऊन चहा मागितला.

नीलव्वा कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"शारदम्मांची भरपाई झाली. आता माझ्या एकतीस वर्षांच्या घशाचं बोला."